खणातली सात काडतुसं
अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगात राहायला येऊन आम्हाला चौथं वर्ष. सप्टेंबर लागला की इथे होल्यांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. मग वॉलमार्टात दूध-ब्रेड घ्यायला गेलं तरी मासेमारीच्या गळांपलीकडे शॉटगनच्या काडतुसांची खोकी दिसतात. लाल प्लॅस्टिकची नळी, बुडाला पितळी टोपी. परवाना वगैरे लागत नाही. 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' असल्या बातम्या वाचत मोठं झालेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

पण इथल्याच एका माणसाला अशी सात काडतुसं भलतीच महाग पडली. शेजारच्या विधवा बाईंना घरातलं सामान विकायला मदत करताना ती त्याला सापडली. पोरांच्या हाती नकोत म्हणून त्याने घरी नेऊन ठेवली, असं त्याचं म्हणणं. बंदूक नव्हतीच. पुढे चोरीच्या तपासात पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली (म्हणजे गडी अगदीच साधा नव्हता) आणि ती हाती लागली. घरफोडीचे जुने गुन्हे त्याच्या नावावर होते, वीसेक वर्षांपूर्वीचे. शिक्षा १५ वर्षं! २०१४ साली सिनसिनाटीच्या अपील कोर्टाने ती कायम केली.

एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात जो दोषी ठरला, त्याने बंदूकच नव्हे, काडतूसही जवळ बाळगायचं नाही, असा केंद्राचा कायदा आहे. रिकामी धातूची पुंगळीसुद्धा त्यात येते. एरवी जास्तीत जास्त १० वर्षं होती, २०२२ पासून १५. पण आधीचे तीन गंभीर गुन्हे असले तर १५ ही किमान शिक्षा, आणि तिथे न्यायाधीशांचे हात बांधलेले.

मला खरी गंमत वाटली ती वेगळीच. खणातल्या काडतुसाशी केंद्र सरकारचा संबंध काय? तर राज्या-राज्यांतला व्यापार केंद्राच्या अखत्यारीत येतो, तेव्हा ते दुसऱ्या राज्यात बनलेलं असायला हवं. म्हणून तज्ज्ञ साक्षीदार पितळेवरचा शिक्का वाचून सांगतो, हा माल टेनेसीतला नाही. वस्तूने कधीकाळी एकदा राज्याची सीमा ओलांडली एवढं पुरतं, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच ठरवून टाकलंय. कारखाने मोजके, त्यामुळे बहुतेक काडतुसं परगावचीच!

आणि हसत बसू नका. मनाई असलेल्यांच्या त्याच यादीत एच-वन-बी व्हिसावाले आपणही आहोत. शिकारीचा परवाना काढला तर सूट, बाकी काही मोजके अपवाद. हे कळल्यानंतरच्याच शनिवारी एका गराज सेलमध्ये जुनं ड्रेसर चाळीस डॉलरला मिळालं. गाडीत चढवण्याआधी मी सगळे खण बाहेर काढून उपडे केले, मागे हात घालून चाचपलं. घरमालक आजोबांनी विचारलं, "काय शोधतोयस?"

"झुरळं," म्हटलं.