कॉस सी वजा कॉस डी आणि तो मेला मायनस

सीईटीला आता दीड महिना राहिलाय आणि आमच्या फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी ट्रिगोनॉमेट्रीचे फॉर्म्युले चिकटवलेत. आधी कपाटाच्या दारावर होते, पण कपाट मी उघडतेच किती, फ्रिज मात्र दिवसातून वीस वेळा, त्यामुळे पाणी प्यायला गेलं की समोर साइन थ्री थीटा.

पाठ होतात हो, प्रश्न तो नाहीच. रात्री आई तोंडी घेते, तिला त्यातलं काही कळत नाही, नुसतं कागदाशी ताडून बघते, तरी परवा तिनेच पकडलं. कॉस सी वजा कॉस डी मी धडाधड म्हणून दाखवलं तर म्हणते, "अगं इथे सुरुवातीला मायनस आहे, तो कुठे गेला?" तो मेला मायनस मी दरवेळी खाते. मॉक टेस्टला पण दोन मार्क त्यानेच घालवले, आणि पेपर काढणारे असे डांबिस की मायनस विसरल्यावर येणारं उत्तर ऑप्शनमध्ये हजर असतंच.

म्हणून आता डाउट आला की सरळ आकडा टाकून बघते. सी ६०, डी शून्य. कॉस ६० म्हणजे अर्धा, त्यातून एक गेला, उणे अर्धा. फॉर्म्युल्यात उजवीकडे, मायनस सोडला तर, दोन गुणिले साइन (सी अधिक डी भागिले दोन) गुणिले साइन (सी वजा डी भागिले दोन), इथे दोन गुणिले साइन ३० गुणिले साइन ३०, म्हणजे नुसता अर्धा. मायनस हवाच, विषय संपला. साइन थ्री थीटामध्ये तीनवालं (तीन साइन थीटा) आधी की चारवालं (चार साइन क्यूब थीटा) हा माझा कायमचा घोळ, तिथे थीटा ३० घेतला की डावीकडे साइन ९० म्हणजे एक, आणि उजवीकडे दीडातून अर्धा गेला की एक, म्हणजे तीनवालं आधी. फक्त ४५ टाकू नका, तिथे साइन कॉस सारखेच, दोन-दोन ऑप्शन बरोबर दिसतात (अनुभव आहे).

क्लासमध्ये सर म्हणतात पाठ काय करता, डेरिव्ह करा, म्हणजे मुळापासून काढा. येतं ना, कॉस ए प्लस बी मधून कॉस ए मायनस बी वजा केलं की निघतंच, पण ते घरी चहा पिता पिता. सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, एकाला धड दोन मिनिटं पण नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही एवढंच नशीब.

आज जनरल सोल्युशन (समीकरणाची सगळी उत्तरं एकाच फॉर्म्युल्यात) घेतलंय. साइनचं "एन पाय अधिक" इथपर्यंत म्हटलं आणि अडकले, तर आई कागदावरून मान वर न करता म्हणाली, "इथे पण एक मायनस आहे बघ, कंसात."