पॉलिसी होती, पण तारीख बघितलीच नव्हती

कौन्सिलिंगची प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा विमा म्हटलं की मला एवढंच सुचायचं, कोणीतरी ऑफिसात घसरून पडलं तर. ते जनरल लायबिलिटीत येतं, आणि ते हवंच, पण आपल्या कामातली जोखीम फरशीवर कमी आणि बोलण्यात जास्त. चुकीचा सल्ला दिला, गोपनीयता मोडली, आत्महत्येचा धोका ओळखला नाही, असले आरोप त्यात बसत नाहीत, त्याला प्रोफेशनल लायबिलिटी वेगळी लागते.

ती घेतली मी. तीन वर्षं हप्तेही वेळेवर भरले. मग दुसऱ्या कंपनीचा हप्ता बराच कमी दिसला म्हणून बदलून टाकली आणि स्वतःवर खूश होते. एका सिनियर मैत्रिणीने सहज कागद मागितले आणि म्हणाली, "अगं, यात रेट्रोॲक्टिव्ह डेट नव्या पॉलिसीचीच टाकलीय, मागच्या तीन वर्षांचं काय?"

मला प्रश्नच कळला नाही! तर माझी पॉलिसी क्लेम्स-मेड होती, म्हणजे दावा येईल तेव्हा ती चालू पाहिजे आणि ज्या सेशनबद्दल भांडण आहे तेही त्या रेट्रोॲक्टिव्ह डेटनंतरचं पाहिजे, त्याच्या आधीचं काम पॉलिसी धरतच नाही. जुनी बंद झालेली, नवीन मागचं मोजत नाही, म्हणजे तीन वर्षांतल्या एका जरी क्लायंटने उद्या उठून तक्रार केली तर मला संरक्षणच नाही. आणि आपल्याकडे तक्रारी उशिराच येतात ना, मुलांच्या ताब्याची केस सुरू झाली की चार वर्षांपूर्वीच्या नोट्स कोणालातरी आठवतात. ऑकरन्स पॉलिसीत ही भानगड नसते, घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू होती एवढं पुरतं, म्हणून ती सुरुवातीला महाग वाटते. क्लेम्स-मेड पहिल्या वर्षी स्वस्त असते कारण पाठीमागे काही साठलेलंच नसतं, मग पहिली काही वर्षं साधारण दरवर्षी चढत जाते. मला दोन रस्ते होते, जुन्या कंपनीकडून टेल कव्हर घ्यायचं (म्हणजे पॉलिसी बंद झाल्यावरही आधीच्या कामाबद्दल येणारे दावे धरणारं जादा संरक्षण), नाहीतर नवीनला तारीख मागे न्यायला सांगायचं. मी दुसरा धरला, हप्ता वाढला, आणि स्वस्ताई तिथेच संपली. प्रॅक्टिस बंद करणाऱ्यांना, रिटायर होणाऱ्यांना तर टेलचा विचार करावाच लागतो.

तेव्हा बसून सगळी पॉलिसी वाचली (भयंकर कंटाळवाणी भाषा). वकिलाची फी काही पॉलिसींत मर्यादेतूनच, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देईल त्या रकमेतूनच वजा होते, म्हणजे केस लांबली की भरपाईला उरतं कमी. लायसन्स बोर्डाकडे तक्रार गेली तर तो खर्च बऱ्याचदा वेगळ्या, छोट्या मर्यादेत असतो, आणि माझ्या मते कोर्टापेक्षा हीच भीती जास्त खरी आहे. नोकरी करत असाल तर संस्थेची पॉलिसी आधी संस्थेला वाचवते, संध्याकाळचे खाजगी क्लायंट त्यात धरू नका. आणि तक्रारीची नुसती कुणकुण लागली तरी आधी कंपनीला कळवायचं, क्लायंटला समजवायला फोन करायचा नाही आणि जुन्या नोट्सना हात लावायचा नाही, एक ओळसुद्धा नाही.

सध्या अडकलेय ती ऑनलाईन सेशन्सवर. एक क्लायंट दुसऱ्या देशात राहायला गेलीय, क्लायंट बसलाय तिथला कायदा लागू होऊ शकतो आणि माझी पॉलिसी तिथे चालते का हे स्पष्ट लिहिलेलं नाही. कंपनीवाले फोनवर म्हणाले, "हो हो मॅडम, चालतं." मी म्हटलं तेच मेलवर लिहून द्या, तर गेले नऊ दिवस शांतता.