वळणावर तेलाचा काटा पडतो तेव्हा

गोव्यातून ट्रॅकला जायचं म्हणजे गाडी ट्रेलरवर चढवून घाट पार करायचा आणि कोईमतूरचा करी स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई गाठायचं. एवढं करून वळणावर तेलाच्या प्रेशरचा काटा पडला आणि तिसऱ्या लॅपला बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँक या फिरत्या दांड्याला जोडतो तिथलं) बोंबललं, की खापर फुटतं ऑइल पंपावर. पंप बिचारा बहुतेक वेळा धड असतो. इंजिनखालच्या चेंबरमध्ये तेलही असतं, फक्त पंप ज्या जाळीतून ते ओढतो तिच्या तोंडाशी नसतं.

चोर्ला घाटाच्या वळणावर गोव्याच्या कदंब बसमध्ये अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात उभी धरून बघा. पाणी बाहेरच्या अंगाला चढतं. चेंबरमध्ये हेच होतं, फक्त ट्रॅकवर जोर कितीतरी जास्त. सेमी-स्लिक (कमी खाचांच्या, जास्त पकडीच्या) टायरवर वळणात १ जी (गाडीच्या वजनाइतका बाजूचा जोर) सहज निघतो आणि १ जीला तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांत तिरका होतो. चेंबर २५ सेंमी रुंद धरला तर दोन कडांच्या तेलाच्या उंचीतला फरकच २५ सेंमी. साध्या गाडीचा चेंबर एवढा खोल नसतो, त्यामुळे तेल थेट ब्लॉकच्या भिंतीवर चढतं आणि जाळी हवा ओढायला लागते. ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेरे) अर्ध्या सेकंदात क्रँकचे ५८ फेरे होतात. बेअरिंगमध्ये उरलेल्या तेलाच्या थरावर तेवढे फेरे काढायचे. रॉडच्या बेअरिंगला तेल मेन बेअरिंगमधून, क्रँकच्या आतल्या भोकांतून येतं. ती रांगेत शेवटची, म्हणून मरतात ती आधी.

अशा वेळी पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर घालणारे मेस्त्री अजून भेटतात. त्याने सरळ रस्त्यावरचा प्रेशरचा आकडा वाढतो. वळणात पंपाला मिळते हवा, आणि हवेवर कसलं प्रेशर येणार?

म्हणून आधी मोजा. डॅशबोर्डचा तेलाचा लाल दिवा साधारण ५ ते ७ पीएसआयला (प्रेशरचं माप) पेटतो. गरम इंजिनला ढोबळ हिशेबाने दर हजार आरपीएममागे १० पीएसआय लागतात, म्हणजे ६५०० ला ६५ च्या आसपास. त्या वेगात लाल दिवा पेटला तर ती सूचना नव्हे, मयताचा निरोप. वेगळा सेन्सर बसवा आणि २० पीएसआयला पेटणारा मोठा दिवा थेट डोळ्यांसमोर लावा. लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) असेल तर प्रेशर, आरपीएम आणि बाजूचा जी एकाच आलेखावर काढा. वळणातच खड्डा पडत असेल तर दोष चेंबरचा. सगळीकडे सारखंच हळूहळू उतरत असेल तर तेल तापून पातळ झालंय, नाहीतर बेअरिंगची फट वाढलीय.

सेन्सर बसवताना एक घात होतो. जपानी इंजिनांवर बहुधा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, बाजारातले पुष्कळ सेन्सर १/८ एनपीटीचे (अमेरिकन मापाचे). एकाला इंचात २८ आटे, दुसऱ्याला २७. दोनेक फेरे छान बसतात, मग अडतात. जोर लावला की ब्लॉकला तडा. जड सेन्सर थेट ब्लॉकवर टांगूही नका, कंपनाने अडॅप्टर मोडतो. छोटा स्टील-ब्रेडेड होज काढून तो बॉडीवर बसवा.

आता खरं काम, चेंबरमधले आडोसे. १.५ मिमीचा पत्रा घ्या आणि जाळीभोवती चार भिंतींची खोली करा. प्रत्येक भिंतीत आतल्या बाजूलाच उघडणारं बिजागरीचं झापड हवं: तेल आत येईल, बाहेर जाणार नाही. झापड उलटं बसलं की उरलंसुरलं तेलही बाहेर पळतं, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. वरून आडवा पत्रा टाका, म्हणजे तेल क्रँककडे उडणार नाही. डिपस्टिकला आणि वरून परतणाऱ्या तेलाला भोकं ठेवा. जाळी आणि तळ यांत ६ ते १० मिमी अंतर असू द्या. पत्र्यावर मातीचे गोळे चिकटवून चेंबर बसवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग उघडून गोळे किती दबले ते पाहा. क्रँक आणि पत्रा यांत किमान ५ मिमी मोकळं हवं.

वेल्डिंग करताना चेंबर जाड सपाट प्लेटला बोल्टने आवळा, नाहीतर कड वाकते आणि पॅकिंग कायम गळतं. गळती तपासायला जुनीच युक्ती: बाहेरून खडूचा लेप, आत रॉकेल, अर्धा तास थांबायचं. सूक्ष्म भोक असेल तिथे खडूवर ओला डाग उमटतो. मग वेल्डिंगची खपली खरवडून काढा. ती सुटली की सरळ जाळीत. चेंबर बसवताना लावायचं सिलिकॉन सीलंट २-३ मिमीच्या बारीक रेषेत. आत लोंबलेले सिलिकॉनचे धागे आणि पिकअप पाइपची कडक झालेली ओ-रिंग, या दोन स्वस्त गोष्टींनी महागडी इंजिनं खाल्ली आहेत. आणि हे काम जांभ्याच्या अंगणात करू नका. तांबडी धूळ बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी लागते.

तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त चालतं. त्याहून जास्त भरलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. तेल १२५-१३० अंशांवर जात असेल तर कूलर लावा, पण थर्मोस्टॅटसह. होज बारीक नको, एएन-१० मापाचा घ्या.

एवढ्यानेही काटा पडला तर अ‍ॅक्युमुलेटर: दोन-तीन लिटरचं नळकांडं, आत पिस्टन, एका बाजूला तेल आणि दुसरीकडे हवा. रिकामं असताना हवा ७ ते १० पीएसआय. पंपाच्या बाजूला एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर साठवलेलं तेल उलटं चेंबरमध्ये जातं. थांबताना इंजिन थोडं रेटून आधी नळकांड्याचा व्हॉल्व्ह बंद, मग इग्निशन बंद. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडून काटा चढल्यावरच स्टार्टर. ड्राय संप (तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) सगळ्यात उत्तम, पण त्याच्या खर्चात दुसरं इंजिन येतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ऑइल कॅपखाली पांढरट, ताकावरच्या लोण्यासारखा थर धरतो. ते तेलात मिसळलेलं पाणी. पणजी-पर्वरी एवढ्या फेरीत तेल पुरेसं तापत नाही, पाणी उडत नाही. हंगामाच्या पहिल्या ट्रॅक डेआधी तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. तो जुना फिल्टर फेकू नका. डबा कापा, करवतीने नको, फिल्टर कटरने, कारण करवतीचा चुरा आत मिसळतो. कागदाच्या घड्या पिळून उन्हात उलगडा. लोहचुंबकाला चिकटतं ते पोलाद. न चिकटणारे, तांबूस किंवा करडे चमकणारे पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे, गाडी ट्रेलरवर चढवू नका, चेंबर खाली घ्या.