डबा, शेळी आणि 'कृती'चं पान

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी दोनदा टाळलं. मैदान, चिंचा, छड्या, सहल यावर बाकीचे लिहिणारच. मला शाळा म्हटलं की आठवतं ते एक पान, फुलस्केपचं, पाठपोट लिहिलेलं, आणि लाल पेनाने इतकं रंगवलेलं की आमचं निळं अक्षर शोधावं लागायचं. पानाच्या डोक्यावर शब्द होता 'कृती'.

साल २०१०, मी नववीत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद म्हणजे काय हे आम्हाला त्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वर्षांची पोरं आपल्या भागातला एखादा प्रश्न घेतात, त्यावर खरोखर काम करतात आणि रिपोर्ट लिहून जिल्ह्याला मांडतात, हे सगळं विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं. त्या वर्षी मुख्य विषय जमीन हा होता. आम्ही पाच जण तयार झालो, त्यातले दोघं तर केवळ गणिताचा तास बुडतो म्हणून. प्रश्न साधा होता, आपल्या गावातली कुठली माती किती वेगाने पाणी पिते. माण तालुक्यातल्या माणसाला यापेक्षा जवळचा प्रश्न कुठला असणार, पाऊस आधीच कमी, पडलेलं तरी मुरतं का ते बघू म्हटलं.

साहित्य म्हणजे डालड्याचा एक जुना डबा, तळ कापलेला. तो मातीत ठोकून बसवायचा, आत अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघायचं. मोबाईल एकाच्या वडिलांचा, तो मिळेल त्या दिवशीच विज्ञान व्हायचं. चार प्रकारच्या जमिनी घेतल्या: काळं रान, मुरमाड माळ, ओढ्याकाठचा पोयटा आणि शाळेचं मैदान. प्रत्येक ठिकाणी तीन रीडिंग. जुलैमध्ये आठवडाभरात सगळं उरकलं आणि निष्कर्षही भारी आला, काळी माती सगळ्यात जास्त वेगाने पाणी पिते. मिनिटाच्या आत डबा रिकामा! आम्ही खूश.

मग रिपोर्ट लिहायला बसलो. प्रस्तावना दोन दिवसात झाली, त्यात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' हे वाक्य होतंच. कृती मात्र मी अर्ध्या तासात लिहिली, कारण प्रयोगवहीत आपण तेच करत आलेलो ना, उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. गाइडमधून उतरवायची सवय. म्हणून मी लिहिलं, 'एक डबा घ्या. तो जमिनीत रोवा. त्यात पाणी ओता. पाणी मुरण्यास लागणारा वेळ मोजा.' झालं. सहा ओळी.

मॅडमनी वाचलं आणि विचारलं, हे तू कुणाला सांगतोयस? घ्या, रोवा, ओता? तू केलंस का नाही? मग तसं लिही. मी घरी जाऊन जोरदार मराठी लिहून आणली, 'डबा रोवण्यात आला, तदनंतर पाणी ओतण्यात आले व वेळेची नोंद घेण्यात आली.' त्यावर त्या जे हसल्या ते अजून आठवतं. म्हणाल्या, अरे तहसीलदाराचा पंचनामा आहे का हा? कुणी ओतलं? आम्ही ओतलं असं लिहायला लाज वाटते का?

पण खरी मजा पुढे झाली. त्यांनी ते पान आम्हाला न सांगता सातवीच्या चार पोरींना दिलं. म्हणाल्या, या पानावर लिहिलंय तेवढंच वाचून करायचं आणि या दादांना काही विचारायचं नाही. तोपर्यंत सप्टेंबर लागला होता, आणि आमच्याकडे पाऊस आला तर तेव्हाच येतो. पोरींनी रंगाचा एक लिटरचा छोटा डबा आणला (पानावर 'एक डबा' एवढंच होतं, त्यांची काय चूक), काळ्या रानात ठोकला, पाणी ओतलं आणि बसल्या. पाऊण तास झाला तरी डब्यात पाणी तसंच. त्यांचा निष्कर्ष आला की काळी माती पाणी पीतच नाही.

आम्ही चिडलो. म्हटलं पोरींना जमलं नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांनी तुम्ही लिहिलंय तेच केलंय, आता मला सांगा तुम्ही काय लिहिलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून जी यादी झाली ती मला आजही जवळपास पाठ आहे. डब्याचा व्यास लिहिला नव्हता, आणि तेवढंच पाणी अरुंद डब्यात ओतलं की त्याची उंची वाढते म्हणजे वेळ वाढणारच. डबा किती खोल ठोकला ते नव्हतं, कमी ठोकला की पाणी खालून बाजूला पळतं. पाणी ओतताना आम्ही आत साखरेची प्लॅस्टिक पिशवी अंथरायचो आणि मग ती हळूच ओढून काढायचो, नाहीतर धारेने मातीला खड्डा पडतो. ही तर आमची सगळ्यात हुशारीची गोष्ट आणि तीच लिहायची राहिली. का राहिली? कारण ती आमच्या हाताला इतकी सवयीची झाली होती की ती कृती आहे हेच वाटलं नाही.

'पाणी मुरलं' म्हणजे नक्की कधी, हा आणखी एक घोळ. मी पाणी दिसेनासं झालं की घड्याळ थांबवायचो, दुसरा मातीवरची चकाकी जाईपर्यंत वाट बघायचा. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन घड्याळं चालली होती म्हणा ना.

आणि सगळ्यात मोठं, आम्ही जुलैत केलं तेव्हा रान कोरडं ठणठणीत होतं हे कुठेच नव्हतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाण्याने फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात त्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमचं पाणी मातीने प्यायलंच नव्हतं, ते भेगांतून खाली पळालं होतं. पोरींच्या वेळी पावसाने माती फुगून भेगा मिटलेल्या. म्हणजे दोन्ही निकाल बरोबर! चुकलं होतं ते फक्त माझं सहा ओळींचं पान. मॅडमनी याचं शीर्षकच बदलायला लावलं, कोरड्या आणि ओल्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग, आणि आम्ही पुन्हा डबा घेऊन रानात.

या वेळी जागा कशा निवडल्या हेही विचारलं गेलं. खरं उत्तर होतं, सावली बघून. बाभळीखाली बसायला बरं म्हणून. पण झाडाखाली पालापाचोळा असतो, मुळं असतात, तिथे पाणी वेगळंच मुरतं. मग पावलांनी रान मोजून चौकोन पाडले, नंबर टाकले, चिठ्ठ्या काढल्या. लोक बांधावरून बघायचे, म्हणायचे पोरं भिशी लावत्यात काय इथं.

एक कबुली द्यायची राहिली. पहिल्या फेरीत मैदानावरचं तिसरं रीडिंग आम्ही घेतलंच नव्हतं. म्हणजे घेत होतो, पण डब्यात तोंड घालून शेळीने पाणी पिऊन टाकलं, मोबाईल परत द्यायची वेळ झालेली, म्हणून आधीच्या दोन आकड्यांच्या बरोब्बर मधला आकडा लिहून टाकला. मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा आकडा फारच शहाणा आहे. कोण बोलणार. शेवटी मीच सांगितलं शेळीचं. ओरडतील वाटलं होतं, पण म्हणाल्या, मग हेच लिहा. आणि आमच्या रिपोर्टात खरोखर ते वाक्य गेलं: 'मैदानावरची तिसरी नोंद शेळीने पाणी प्यायल्यामुळे रद्द केली, कोरड्या जमिनीच्या एकूण नोंदी १२ ऐवजी ११.' जिल्ह्याला परीक्षक ते वाचून इतके हसले की पुढचा प्रश्न विचारायला त्यांना वेळ लागला. पुढे आमची निवड काही झाली नाही. आमच्या आधीच्या गटाकडे थर्माकोलचं मॉडेल होतं, लाइट लागणारं, त्यासमोर आमचा गंजका डबा काय टिकणार. मला आजही वाटतं की आमचं काम त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, असो.

पुढे मी कृषीकडे गेलो, माती तपासायचंच काम करतो. पहिला पेपर पाठवला तेव्हा तपासणाऱ्याने विचारलं, माती किती खोलीवरची घेतली, वाळवली कशी, चाळणी किती मिलीमीटरची? मी हसलो, कारण तिन्ही गोष्टी मी आधीच लिहिल्या होत्या, त्यांनीच नीट वाचलं नव्हतं.

मागच्या महिन्यात महोत्सवाच्या मीटिंगला शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या माळ्यावर तो डबा सापडला. खिशात टेप होता, सहज मोजला. आता रिपोर्टात आम्ही व्यास लिहिलाय १५ सेंटीमीटर, आणि त्यावरून पाण्याची उंची काढलीय २.८ सेंटीमीटर. डबा भरतो १६.२. म्हणजे उंची खरी २.४ च्या आसपास. जरा वेळ कळेना एवढा फरक कसा पडला, मग लक्षात आलं. आम्ही तो कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला होता, आणि ती पट्टी १५ लाच संपते.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, स्मरणिकेत लिही.