आमची वाटचाल: जलरंग आणि एक तुटलेलं पीस

जलरंगातले पक्षी रंगवून घर चालतं, हे आम्ही पुण्यात करून दाखवलंय. चित्रं माझी, माउंट (चित्राभोवतीची कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेम माझ्या मित्राची, अशी भागीदारी होती. कागद पहिल्यापासून 300 जीएसएम, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटन. तिथे काटकसर केली नाही. सुरुवातीची वर्षं बरी गेली.

मग ते कॅलेंडर आलं. एका कंपनीनं बारा पक्षी तोंडी पक्के केले. नमुना म्हणून मी खालून दिसणारा, उडता शिक्रा, म्हणजे लहान शिकारी पक्षी, दिला. सासवडच्या माळावर मी पाहिलेल्या शिक्र्याच्या डाव्या पंखातलं एक मोठं पीस तुटलेलं होतं, म्हणून तसंच रंगवलं. कागद उधारीवर उचलला आणि काम निम्म्या दरात दुसऱ्याकडे गेलं. जानेवारीत कॅलेंडर हाती आलं. त्यावर आमचाच शिक्रा, आरशात धरल्यासारखा उलटा, तीच फट आता उजव्या पंखात! पिसं नेहमीच्या गळतीत दोन्ही पंखांत साधारण जोडीनं जातात. एकाच पंखात, नेमकी त्याच जागी फट आपोआप कुणाला सुचते? वकिलाची नोटीस दिली, उत्तर आलं नाही. भाडं थकलं. मित्रानं माउंट कटर विकला आणि तो या धंद्यातूनच गेला. त्याच्यासारखा तिरका, स्वच्छ काप मला अजून कुणाकडून मिळालेला नाही. राग आहे, राहणार.

दुकान तगलं ते सांगलीच्या एका दंतवैद्यांमुळे. दर दिवाळीला पेशंटना द्यायला ते आमचीच भेटकार्डं नेतात. त्या वर्षी सगळे पैसे आगाऊ देऊन म्हणाले, "हरियाल करा. पाय पिवळेच हवेत हं, लाल केलेत तर परत पाठवीन." बरोबरच आहे, लाल पाय दुसऱ्या हिरव्या कबुतरांचे.

नव्या मुलांना सांगतो, चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. काळी ट्यूब तर नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळलं की कावळासुद्धा होतो, आणि त्याच्या पाठीवरची निळसर झाक आपोआप मिळते. आठ नंबरचा एकच कोलिन्स्की (प्राण्याच्या खऱ्या केसांचा) ब्रश घ्या, टोक नीट जुळत असेल तर डोळ्याची कडासुद्धा त्यानंच निघते. डोळ्यातली चमक म्हणजे कागदाचा राखलेला पांढरा. वरून पांढरा रंग ठेवला की डोळा मेला. खंड्याचा निळा एका हातात लावू नका. पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. आणि ट्यूबवरचा पिगमेंटचा नंबर वाचा. पीआर 83, म्हणजे जुना अलिझरीन क्रिम्सन, उजेडात उडतो. गिऱ्हाईकाला स्वच्छ स्कॅन पाठवू नका, आगाऊ रक्कम आल्याशिवाय तर नाहीच.

डॉक्टरांना यंदा तांबट पक्षी हवाय. कपाळाच्या लालीला पायरोल स्कार्लेट घेतलाय, तो टिकतो.