मेहनती

परदेशातल्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नेमणुकीसाठी, मी अर्ज करतेय. मॅडमनी त्याचं शिफारसपत्र पोर्टलवर चढवलं आणि चुकून मलाही पाठवलं. 'हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते' या चौकोनात मी महिन्यापूर्वीच टिक केली होती. तरी उघडलं. उघडायला नको होतं.

पत्र चांगलंच आहे. दीड पान. त्यात 'हार्डवर्किंग' चार वेळा. 'ब्रिलियंट' एकदाही नाही. कंट्रोल-एफ दाबून शोधलं, म्हणजे बघा.

तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता, 'मेहनती आहे. अक्षर सुधारावे.' बाकावर शेजारी बसायची तिला, 'हुशार आहे. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.' मार्क माझे जास्त होते. तिचं आडनाव... जाऊ दे.

गंमत म्हणजे पोस्टडॉक ब्लॅक फेमिनिझममधली, म्हणजे काळ्या स्त्रियांच्या स्त्रीवादातली, आणि माझ्या प्रस्तावाची सुरुवातच सोजर्नर ट्रुथपासून आहे, गुलामीतून सुटलेल्या काळ्या अमेरिकन वक्तीपासून. 1851 साली ती ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये स्त्री-हक्क परिषदेत बोलली. तिला लिहिता येत नव्हतं, लिहून घेतलं इतरांनी. महिनाभरात पेपरात आलेल्या वृत्तांतात 'मी बाई नाही का?' हा प्रसिद्ध प्रश्न नाहीच. तो आला 1863 मध्ये, स्त्री-हक्कांच्या गोऱ्या कार्यकर्त्या फ्रान्सेस गेजबाईंनी आठवून लिहिलं तेव्हा, आणि तोही दक्षिणेकडच्या गुलामांच्या बोलीत. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी! गेजबाई तिच्या बाजूच्या होत्या, हीच तर पंचाईत.

मॅडमही माझ्याच बाजूच्या आहेत. त्या वर्षी त्या नसत्या तर हॉस्टेल... असो.

पण मेहनत केलीच ना मी? मग झोंबतंय काय? आजीलाही सगळे कष्टाळूच म्हणायचे. रोजगार हमीच्या कामावर मुकादमाने मस्टरात खाल्लेले दिवस ती तोंडी हिशेबाने पकडायची. त्याला कुणी काही नाव दिलं नाही.

ट्रुथच्या भाषणात नांगरणी, कापणी, दंडातली ताकद दोन्ही वृत्तांतांत आहे. आणि बुद्धीचं मापही. आपल्या मापात सांगायचं तर, बाईची बुद्धी अच्छेर आणि पुरुषाची शेरभर असेल, तर तिचं अच्छेर तरी भरू द्या की! हे वाक्य मी तीन वर्षं शिकवतेय. वर्गात हशा पिकतो. आज मला हसू यायला रात्रीचे दोन वाजले.

तिकडची मुदत रात्री 11:59ची, म्हणजे आपल्याकडे सकाळी 10:29. साडेनऊला अर्ज टाकला. प्रस्तावात शेवटच्या क्षणी एक वाक्य घातलं, शिफारस करणाऱ्यांच्या शब्दांबद्दल. मग काढलं. दोन वर्षांचा पगार आहे, उगाच कशाला.

मॅडमना आभाराची मेल लिहायला घेतली. 'माझ्यासाठी तुम्ही किती मेहनत घेतलीत' असं आपसूक टाइप झालं. खोडलं. परत लिहिलं. पाठवून दिलं.