जाड नसताना वजन कशाला कमी करायचं?

"मॅडम, माझं वजन बासष्ट किलो. मला कुणी जाड म्हणणार नाही. मग शुगर मला कशी झाली? आणि तुम्ही वजन मलाच कमी करायला का सांगताय?"

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुष असतात. हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, पण शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर ताण आलेला. प्रश्नात थोडा राग असतो आणि तो मला रास्त वाटतो. शेजारचा शंभर किलोचा माणूस ठणठणीत फिरतोय आणि गोळ्या याच्या नशिबी! बाहेर पेशंट खोळंबलेले असताना दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. हे सगळं टाइप टू मधुमेहाबद्दल आहे. टाइप वनमध्ये स्वादुपिंड इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यांचा मामला वेगळा.

उत्तराचा पहिला भाग पुण्यातच सापडतो. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. उंचीच्या मानाने दोघंही सडपातळच. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. चरबी आणि स्नायू वेगवेगळे तोलणं काट्याला जमत नाही.

याची मुळं फार मागे जातात. पुण्याच्या आसपासच्या गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मतः सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, पण ती कमी भरली ती मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही ठेवण आपल्याकडे पाळण्यापासूनच असू शकते. म्हणूनच आपल्यासाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

"मी चौतिसची पँट घालतो," असं लगेच सांगितलं जातं. पँटचा नंबर सोडून द्या. पट्टा पोटाच्या खाली बांधला जातो आणि पोट त्याच्यावर येतं. टेप धरायची ती सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचं नाही. चौतिसची पँट घालणाऱ्या माणसाचा घेर अशा वेळी ९६-९७ सेंटिमीटर निघतो तेव्हा तो स्वतःच वाकून आकडा पुन्हा वाचतो. त्या क्षणी माझं निम्मं काम झालेलं असतं.

आता ही पोटातली चरबी करते काय? इथे आणखी एक तक्रार जोडून घेते, कारण दोन्हीचं उत्तर एकच आहे. "रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, तरी सकाळची शुगर १६०. ही आली कुठून?" ती लिव्हरमधून आली. लिव्हर हे साखरेचं कोठार आहे. रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा मेंदूला साखर पुरवण्याचं काम ते करतं आणि रक्तात पुरेशी साखर असली की इन्शुलिन त्याला थांबायला सांगतं. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्शुलिनला जुमानत नाही, गरज नसतानाही साखर सोडत राहतं. तीच जादा चरबी पुढे रक्तातून स्वादुपिंडापर्यंत पोचते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी दमायला लागतात. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी ही मांडणी केली आणि मग ती तपासून पाहिली. २०११ साली त्यांनी ११ जणांना दिवसाला फक्त ६०० कॅलरींचा आहार दिला. पहिल्या आठवड्यातच त्यांची उपाशीपोटीची साखर जवळजवळ नॉर्मलला आली. लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी वितळते, म्हणून हे इतकं लवकर दिसतं. (असा आहार घरच्या घरी कुणीही करू नये. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रयोग होता.)

पुढे २०१७ मध्ये 'डायरेक्ट' नावाच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले. तिच्यात ३०६ जण होते. वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटात वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार चालू असलेल्या गटात ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी गटाचा आकडा ३६ टक्क्यांवर आला. या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हेही लक्षात ठेवा. पंधरा-वीस वर्षं जुन्या मधुमेहात त्या पेशी तितक्या सावरत नाहीत. अशा माणसाला मी गोळ्या सुटतील असं सांगत नाही. साखर आवाक्यात येईल, इन्शुलिनचे युनिट कमी लागतील असं सांगते, आणि ते थोडंथोडकं नाही.

पण ते लोक जाडच होते की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणून टेलर यांनी बीएमआय २७ च्या आतल्या २० जणांवर वेगळा अभ्यास केला. टप्प्याटप्प्याने त्यांनी वजन उतरवलं आणि २० पैकी १४ जणांचा मधुमेह मागे हटला. प्रत्येकाच्या शरीराची चरबी सोसण्याची मर्यादा वेगळी असते, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या शंभर किलोच्या माणसाने अजून त्याची मर्यादा ओलांडलेली नसेल. तुमची साठ किलोलाच ओलांडली गेली असेल. तुम्हाला उतरवायचे आहेत ते पाच-सहा किलो. उंची-वजनाचा तक्ता काय म्हणतो यावर ते ठरत नाही, तुमची साखर काय म्हणते यावर ठरतं.

एका प्रकारच्या माणसाला मात्र मी वजन कमी करायला अजिबात सांगत नाही. कंबरही बारीक, वजन न प्रयत्न करता घसरतंय, तहान खूप, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतंय. हे वजन साखर लघवीवाटे वाहून जाते म्हणून आणि शरीर स्नायू जाळतं म्हणून उतरतं. "बघा, आपोआप कमी झालं," म्हणून त्यात आनंद मानू नका. अशा माणसाला इन्शुलिनची गरज असू शकते आणि मधुमेहाचा प्रकारही नीट तपासावा लागतो. आधी डॉक्टर, नंतर मी.

आता ताट. शुगर निघाल्यावर बहुतेक घरांत पहिल्या दिवशी चहातली साखर जाते, दुसऱ्या दिवशी भात जातो आणि भाताच्या जागी दोन पोळ्या वाढतात. तिथेच गाडी अडते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'इंडियाब' या देशभरातल्या पाहणीनुसार भारतीय माणसाच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका घटलेला त्या पाहणीत दिसला नाही. ज्वारी मला प्रिय आहे, तिच्यात चोथा आहे, ती खाच. पण भाकरी म्हणजेही पीठच. "एका भाकरीला किती पीठ घेता?" असं विचारलं की "एक मूठ" हे उत्तर ठरलेलं. ती मूठ एकदा काट्यावर ठेवून पाहा. पातळ भाकरीला चाळीस ग्रॅम लागतं, घाटावरच्या जाड भाकरीला ऐंशीसुद्धा लागतं, आणि ऐंशी ग्रॅम पिठात पन्नास ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. अशा दोन भाकऱ्या, वर थोडा भात, संध्याकाळी चहाबरोबर मारी बिस्किटं. यात गोड असं काही वाटत नाही, तरी ग्लुकोमीटर २४० दाखवतो.

साखरेऐवजी गूळ घेतला तरी साखर वाढतेच. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च आणि त्यात बटाटा. उपवास करायचाच असेल तर वरई थोडी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असा करा. आंबा बंद करा असं मी सांगत नाही. वाटीभर आमरस पोळीबरोबर खाण्याऐवजी दोन फोडी खा आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा.

मी सांगते ते इतकंच असतं. धान्य आत्ता आहे त्याच्या निम्मं करा आणि मोकळी झालेली जागा मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, अंडी, मासे, दही, पनीर, ज्याला जे चालतं त्याने भरा. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कांदा हे जेवण उत्तमच, फक्त भाकरी एक आणि पिठलं दुप्पट. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, पोळी-भात नंतर. तेच ताट या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. तेलाकडे लक्ष द्या. वजन उतरत नाही तिथे पुष्कळदा शेंगदाण्याचं कूट आणि फोडणीचा सैल हात सापडतो. मूठभर दाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात. दाणे वाईट नाहीत, ते मोजून खायचे आहेत.

"दोनदाच जेवू की दर दोन तासांनी थोडं थोडं?" हा महाराष्ट्रातला मोठा वाद आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात आणि त्यांचं ऐकणारी माणसं गावोगाव आहेत. प्रागमध्ये टाइप टूच्या ५४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ साली आला. कॅलरी सारख्याच ठेवून दिवसात सहा छोटी खाणी आणि दोन मोठी जेवणं यांची तुलना केली, तर दोन जेवणांत वजन जास्त उतरलं आणि लिव्हरमधली चरबीही जास्त घटली. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. आपल्याकडचं दुसरं जेवण रात्री साडेनऊला मालिका बघत होतं. माझं मत असं की दोनदा की तीनदा यापेक्षा मधलं तोंड चालवणं थांबणं महत्त्वाचं: खारी, फरसाण, दर चहाबरोबरचं बिस्किट, मुलांच्या ताटातलं उरलेलं.

यातलं काहीही सुरू करण्याआधी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक धान्य निम्मं केलंत, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, काही सुचेनासं होणं. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर कडक उपास करू नका, त्यात रक्तात घातक आम्ल साठण्याचा धोका असतो. डोस आधी कमी करून मगच आहार बदलणं कितीदा तरी गरजेचं असतं आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि काटा हललाच नाही तर? तरीही चालणं सोडू नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास २००६ साली आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त आहार आणि व्यायाम यांचा सल्ला दिला, तर मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचं वजन फारसं उतरलेलंही नव्हतं. जेवणातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. तुमचे काटकुळे हातपाय हेच तर दुखणं आहे! म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं.

गोळ्यांशिवाय तीन महिने एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ च्या खाली राहिलं तर मधुमेह मागे हटला असं डॉक्टर मानतात. वजन परत आलं की तोही परत येतो. डोळ्यांची, किडनीची आणि पायांची वार्षिक तपासणी त्यानंतरही चालूच ठेवायची.

शेवटची विनंती: घरात पीठ जी मळते तिला आत घेऊन या. पुष्कळदा ती बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसलेली असते आणि मी भाकरीच्या ग्रॅमबद्दल बोलत असते ते अशा माणसाशी, ज्याने आयुष्यात कधी परात हातात घेतलेली नाही. त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. आई किंवा वडिलांना टाइप टू असेल तर मुलांना धोका जास्त असतो, तेव्हा ती जास्तीची उसळ आणि कमी पोळ्या सगळ्यांच्याच ताटात वाढा, आणि टेप एकदा विशीतल्या मुलाच्या कमरेलाही लावून बघा.